पाच वह्या आणि साठ हजार रुपये

ताई, नमस्कार.
मी मराठवाड्यातल्या एका आगारात वाहक आहे. वय ३८. गेल्या तीन वर्षांत एक कादंबरी लिहिली. दोनशे पानी पाच वह्या भरल्या. बरंचसं लिखाण मुक्कामी ड्युटीत झालं. गोष्ट एका डायवरची आहे. रिटायर व्हायला दहा महिने राहिलेत आणि त्याला अंधारात नीट दिसत नाही. हे फक्त त्याच्या कंडक्टरला माहीत आहे. माझ्यासोबत ड्युटी केलेल्या एका डायवरवरनं सुचलं. तो आता रिटायर आहे, मोतीबिंदू काढलाय, टीव्हीवरची पट्टी बिनचष्म्याची वाचतो.
एका प्रकाशकांना वह्या नेऊन दिल्या. आठ दिवसांत फोन आला, कादंबरी स्वीकारली म्हणून. १९२ पानं, ३०० प्रती, साठ हजार रुपये. २५० प्रती मला, ५० त्यांच्याकडं. आयएसबीएन नंबर, मान्यवराची प्रस्तावना आणि पुरस्कारांना पाठवणं त्यातच. महिनाअखेर पैसे भरले तर दिवाळीच्या आत पुस्तक. बायको म्हणते, गळ्यातलं मोडू. मला झोप नाही. पहिल्या वीस पानांची झेरॉक्स माझ्याकडं होती, ती पाठवतोय. शेवटी गाडी दरीत जाते आणि सगळे मरतात. लिहिताना मी पण रडलो. पैसे भरू का? आणि मी लेखक आहे का? नाव छापू नका.

मास्तर, नमस्कार.

तुमच्या कादंबरीतला डायवर कंडक्टरला अशीच हाक मारतो. नाव छापायचं नाही म्हणालात, तेव्हा मीही तीच मारते.

येत्या साप्ताहिक सुट्टीला जा आणि वह्या परत घेऊन या. पाचही. जगात त्यांची एकच प्रत आहे आणि ती एका अनोळखी माणसाच्या कपाटात पडली आहे. 'थोडी दुरुस्ती करायची आहे' एवढं म्हणा. ते खोटंही नाही, पुढं कळेलच. येताना वाटेत सगळ्याची झेरॉक्स काढा, नाहीतर मोबाइलवर पानापानाचे फोटो घ्या. मी बावीस वर्षं एका प्रकाशनसंस्थेत हस्तलिखितं वाचायचं काम केलं. एका पावसाळ्यात आमच्या पोटमाळ्यावर पाणी शिरलं आणि एका शिक्षकाचं बाड भिजून लगदा झालं. त्यांच्याकडे दुसरी प्रत नव्हती. त्यांना फोन मला करावा लागला होता.

पैसे भरू नका. कारणं सांगते, म्हणजे घरी सांगायला बरं पडेल.

तुमच्या झेरॉक्सच्या एका पानावर मी शब्द मोजले. साधारण एकशे दहा भरतात. हजार पानं म्हणजे एक लाख दहा हजार शब्द. डेमी आकाराच्या छापील मराठी पानावर पावणेतीनशे ते तीनशे शब्द बसतात. म्हणजे तुमची कादंबरी छापली तर चारशे पानांच्या आसपास जाईल. ती १९२ पानांत बसवायची तर निम्मी फेकावी लागेल. कुठली निम्मी, हे विचारायला त्यांचा फोन आला का? १९२ म्हणजे सोळा पानांचे बारा फर्मे. छापखान्याला सोयीचा आकडा. माझा अंदाज, वह्या उघडायच्या आधीच तो ठरलेला होता.

आता दुसरा हिशोब. साठ हजार भागिले तुमच्या हातात येणाऱ्या २५० प्रती. प्रत पडली २४० रुपयांना. पुस्तकाची किंमत २५० ठेवली आणि विक्रेत्याकडे दिलीत, तर तो चाळीस ते पन्नास टक्के कापून घेणार. तुम्हाला मिळणार सव्वाशे ते दीडशे. प्रत्येक विकलेल्या प्रतीमागं नव्वद ते एकशे पंधरा रुपये खिशातून गेले. रोज रात्री वे-बिल, म्हणजे तिकिटांचा हिशोब, जुळवून भरणा करणाऱ्या माणसाला हे मी सांगायचं म्हणजे कमालच. पण साहित्य म्हटलं की आपला हिशोब का कोण जाणे सुटतो.

आयएसबीएनचं म्हणाल तर तो पुस्तकाच्या ओळखीचा तेरा आकडी क्रमांक भारतात फुकट मिळतो. दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्था देते, आणि लेखक स्वतःही अर्ज करू शकतो. त्या क्रमांकानं पुस्तक चांगलं ठरत नाही. गाडीच्या नंबरप्लेटवरून गाडीचा ब्रेक कळतो का? प्रस्तावना वाचून कुणी कादंबरी विकत घेतल्याचं माझ्या पाहण्यात नाही. पुरस्कारांना पाठवणं म्हणजे प्रवेशिका भरून प्रती पोस्टात टाकणं. राज्य शासनाच्या पुरस्कारांत पहिल्या कादंबरीसाठी वेगळा पुरस्कार आहे आणि तो श्री. ना. पेंडसे यांच्या नावानं दिला जातो. हे मुद्दाम सांगते, कारण पेंडसे मुंबईच्या बससेवेत, बेस्टमध्ये, नोकरीला होते. बसवाल्यांच्या घरात कादंबरी काही नवी नाही.

करारनाम्याचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही. नसेल तर मागाही नका, कारण तुम्ही तिथं छापणार नाही आहात. पण पुढं कधीतरी चांगला प्रकाशक करार पुढं ठेवील, तेव्हा लक्षात असू द्या. कॉपीराइट तुम्ही वहीत लिहिलंत त्याच क्षणी तुमचा झाला; नोंदणी केली तर पुरावा म्हणून उपयोगी, केली नाही तरी हक्क जात नाही. हयातभर आणि त्यापुढं साठ वर्षं तो राहतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम १९ सांगतं की हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. म्हणून 'सर्व हक्क कायमस्वरूपी' हे शब्द दिसले की पेन खाली ठेवा. छापील आवृत्ती, ई-पुस्तक, ऑडिओ, भाषांतर, सिनेमा हे सगळे वेगवेगळे हक्क आहेत. तुमच्या गोष्टीवर सिनेमा होऊ शकतो, हे मी गंमतीनं म्हणत नाही.

स्वखर्चानं पुस्तक काढण्यात पाप नाही. पुढंमागं तुम्हाला वाटलं की शंभर प्रती छापून आगारात आणि पाहुण्यांत वाटाव्यात, तर थेट दोन-तीन छापखान्यांत जा, फर्म्याप्रमाणं दरपत्रक मागा आणि छापा. खर्च किती, कशाचा, ते तुमच्या डोळ्यापुढं राहील. मला राग आहे तो 'स्वीकारली' या शब्दाचा. न वाचता स्वीकारली कशी?

वहिनींना माझा नमस्कार सांगा. गळ्यातलं गळ्यातच राहू द्या.

आता कादंबरी. इथं मला जास्त वेळ लागणार आहे.

पहिल्या पानावर पूर्व क्षितिजावर तांबडं फुटतं. पक्ष्यांचा किलबिलाट होतो. मंद वारा सुटतो. दुसऱ्या पानावर कंडक्टरच्या 'मनाच्या गाभाऱ्यात विचारांचं काहूर माजतं'. तिसऱ्या पानावर तुम्ही सांगून टाकता की डायवरला रात्री दिसत नाही. खरं सांगते, माझ्या जुन्या कामात मी इथंच थांबले असते आणि बाडावर 'साभार परत' लिहिलं असतं. मग तुमचं पत्र उलटलं. मागच्या बाजूला, बहुधा जागा उरली म्हणून, तुम्ही लिहिलंय:

'मुक्कामाला गाडी देवळापुढं लावतो. डायवर मागच्या लांब शीटवर, मी पुढं. कॅशची बॅग उशाला. झोपेत पण हात पट्ट्यावर असतो. एकदा सुट्टीत घरी झोपलो तर बायकोनं सकाळी सांगितलं, रातभर उशीचा कोपरा धरून होता.'

हे वाचल्यावर मी वीस पानं पुन्हा पहिल्यापासून वाचली. पत्र लिहिताना तुम्हाला कुणी बघत नव्हतं. वही उघडली की मात्र तुम्ही गॅदरिंगमधला भाड्याचा कोट घालता. बाह्या लांब, खांदे पडलेले. काहूर, गाभारा, क्षितिज, अश्रूंच्या धारा ही सगळी त्या कोटाची बटणं. ते शब्द वाईट नाहीत, पण तुमच्या आधी इतक्या लोकांनी ते वापरलेत की आता त्यातून काही दिसत नाही. आणि तुमची गोष्टच न दिसण्याची आहे.

चौदाव्या पानावर एक जागा आहे. संध्याकाळ झालेली, गाडी फलाटाला लागलेली. डायवर गाडीच्या समोर, अगदी बोर्डाखाली उभा आहे आणि विचारतो, 'मास्तर, बोर्ड लावला का?' कंडक्टर म्हणतो, 'लावलाय.' एवढंच. ही दोन वाक्यं वाचून मी चष्मा काढून ठेवला. त्याच्यापुढची ओळ अशी: 'त्याला दिसत नाही हे जाणून कंडक्टरच्या हृदयात कालवाकालव झाली.' ही ओळ खोडा. झेरॉक्सवर नाही, मूळ वही आली की तिच्यात. वाचकाला कळलेलं असतं. त्याला जे स्वतः कळलं तेच तुम्ही पुन्हा समजावून सांगायला लागलात की तो दुखावतो.

तिसऱ्या पानावरचा खुलासाही काढा. पहिल्यांदा कळावं ते या बोर्डापाशी. त्याआधी नुसत्या खुणा पेरा. डायवर चहाचा कप चाचपडत घेतो. पावती वाचायला पोराला सांगतो. समोरून गाडी आली की शिवी हासडून पुढच्या दिव्यांवर खापर फोडतो. या खुणा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत, तुम्ही शेजारी बसून पाहिल्यात.

आता माझा सगळ्यात मोठा आक्षेप. ही गोष्ट सांगतंय कोण? सध्या कुणीतरी आकाशात बसलेला माणूस सांगतो. त्याला डायवरच्या मनातलं कळतं, बायकोच्या मनातलं कळतं, प्रवाशांच्याही. पण या गोष्टीत खरं गुपित डायवरच्या डोळ्यांचं नाहीच, ते कंडक्टरच्या गप्प बसण्याचं आहे. त्याला माहीत होतं आणि तो रोज डबल बेल देत होता. ते का? म्हातारा त्याच्या उपकारातला होता? की तक्रार केली तर आगारात चुगलखोर म्हणून नाव पडलं असतं? की पहिल्या महिन्यात काही झालं नाही म्हणून दुसऱ्या महिन्यात सवय लागली? याचं उत्तर फक्त 'मी'ला देता येईल. कंडक्टरला 'मी' करा, आणि त्याला तुमच्या पत्राच्या मागच्या बाजूची भाषा द्या.

हा बदल छोटा नाही, सगळी कादंबरी पुन्हा लिहावी लागेल. मला ते माहीत आहे. पूर्वी हे काम लेखक आणि संपादक मिळून करायचे. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या 'सत्यकथे'त लेखकाला पुन्हा लिहायला लावण्याची शिस्त होती. तिच्यावर टीकाही पुष्कळ झाली, पण निदान कुणीतरी ओळ न् ओळ वाचत होतं. ते मासिक १९८२ साली बंद झालं. आज पूर्णवेळ संपादक ठेवणाऱ्या मराठी प्रकाशनसंस्था हाताच्या बोटांवर मोजाव्यात. त्यामुळं पहिला संपादक तुम्हालाच व्हावं लागणार.

ते कसं? वही समोर ठेवून नक्कल करू नका. प्रकरण एकदा वाचा, वही मिटा, आणि आठवेल ते नव्यानं लिहा. जे आठवलं नाही ते बहुतेक वेळा नसलं तरी चालतं. एका मुक्कामाला एक प्रसंग, एवढाच हप्ता ठेवा. एक लाख दहा हजारांचे साठ-पासष्ट हजार शब्द झाले तर कादंबरी सव्वादोनशे पानांत येईल. या गोष्टीला तेवढं अंग पुरे.

कथानकाची काळजी करू नका, ते तुमच्या आगारात भिंतीवर टांगलंय. वेळापत्रक म्हणतात त्याला. तुमचा डायवर ३१ मेला निवृत्त होतो असं धरा. दहा महिने मागं गेलं की ऑगस्ट येतो. एका मोठ्या कागदावर दहा रकाने आखा. प्रत्येक महिन्यात तुमची गाडी सुटते तेव्हा उजेड किती असतो ते लिहा. ऑगस्टात सातच्या फेरीला अजून संधिप्रकाश असतो. डिसेंबरात सहा वाजायच्या आतच सूर्य बुडतो. म्हणजे जसजसा हिवाळा येईल तसतशी तीच फेरी, तोच रस्ता, तीच वेळ धोक्याची होत जाते, कुणी काही केलेलं नसताना. जानेवारीनंतर दिवस हळूहळू मोठा होतो आणि कंडक्टरला वाटायला लागतं की सुटलो. त्याच रकान्यांत साखर कारखान्यांचा हंगाम लिहा, उसाच्या बिनदिव्यांच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या लिहा, शाळा सुटायची वेळ, जत्रा, अमावास्या लिहा. साल कुठलं तेही ठरवा. मार्च २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट झालं आणि गाड्यांतली गर्दी बदलली. गोष्ट त्याआधीची की नंतरची यावर तुमच्या गाडीत कोण बसलंय ते ठरतं. त्यांच्यातले दोघं-तिघं वाचकाच्या ओळखीचे करा. पन्नास प्रवाशांची काळजी कुणालाच वाटत नाही. रोज खिडकीशी बसून डबा तिथंच संपवणाऱ्या एका मुलीची वाटते.

शेवटाबद्दल भांडायचंय. गाडी दरीत जाते म्हणता. पण सातव्या पानावर तुम्हीच लिहिलंय की या मार्गावर घाट नाही, उंच जागा एकच, कॅनॉलचा पूल. मग दरी आली कुठून? ती तुम्ही बाहेरून आणलीत, कारण शेवट करायची वेळ झाली होती. सगळे मेले की कुणाला काही विचारायचं उरत नाही. तुम्हीही सुटलात आणि कंडक्टरही सुटला. तुम्ही रडलात त्यात थोडा सुटकेचा भाग असेल का, बघा विचार करून. मी तुमच्या जागी बसून लिहिणार नाही, पण एक प्रश्न टाकते. दहा महिने गेले आणि काहीच झालं नाही तर? आगारात मंडप, शाल, श्रीफळ, विनाअपघात सेवेबद्दल सत्कार. आणि सोबत्याच्या वतीनं दोन शब्द बोलायला कंडक्टरला उभं केलं, तर तो काय बोलेल?

खऱ्या डायवरबद्दल एक सांगायचं राहत होतं. ते निवृत्त आहेत हे वाचून हायसं वाटलं. गाडीवर असते तर मी कादंबरीचं सोडून आधी आगारप्रमुखांकडे जायला सांगितलं असतं. पण ते हयात आहेत, गावातले लोक त्यांना ओळखतात. गाव बदला, घरची माणसं बदला, अंगकाठी बदला. आणि छापायच्या आधी त्यांना कादंबरी वाचून दाखवा. ते हसतील, रागावतील, म्हणतील असं नव्हतं, असं होतं. 'असं होतं' म्हणतील तिथं टिपण काढा. एखाद्या प्राध्यापक मित्राच्या अभिप्रायापेक्षा या बैठकीतून जास्त मिळेल. नंतर एखाद्या चांगल्या वाचणाऱ्या माणसालाही द्या, पण घरच्या माणसाला नको. घरचे वाचत नाहीत, ते आपल्याकडे बघत बसतात.

बोलीचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण वीस पानांत तो जागोजागी अडखळतो. संवादात 'काय करायलाव', 'कामून' असं मराठवाड्याचं येतं आणि दोन ओळींनी निवेदन पुण्यातल्या पाठ्यपुस्तकासारखं बोलतं. 'मी' सांगायला लागला की हा सांधा आपोआप मऊ होईल. सगळं निवेदन ठार बोलीत करायलाच हवं असं नाही. वाक्याचा हेल तुमचा ठेवा, शब्द सगळीकडे कळतील असे असू देत. साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांतही पात्राच्या तोंडच्या भाषेला उच्चाराप्रमाणं लिहायची मोकळीक आहे. तेव्हा मुद्रितशोधक 'करायलाव'चं 'करत आहेस' करायला लागला तर त्याचा हात धरा. मात्र एकदा 'कामून' आणि एकदा 'काहून' असं करू नका. एक यादी करा आणि तिला चिकटून राहा.

टायपिंग स्वतः करा, मोबाइलवर केलंत तरी चालेल. बोलून टाइप करायची सोय आहे खरी, पण ते यंत्र तुमच्या बोलीला शुद्ध करत सुटतं आणि नंतर निस्तरताना जीव जातो. बाहेर डीटीपीला दिलंत तर युनिकोडमध्येच करून मागा. जुन्या फॉण्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांचा भुगा होतो, आणि रूपांतर करताना 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' हमखास होतं. तुमच्या वीस पानांत 'डायवरच्या दुसऱ्या डोळ्याला' असं किती वेळा येतं ते मी मोजलंय.

कादंबरी पुन्हा लिहून होईस्तोवर वर्ष जाईल. मधल्या काळात तो बोर्डाचा प्रसंग घ्या, त्याची स्वतंत्र कथा करा, अडीच-तीन हजार शब्दांची, आणि दिवाळी अंकांना पाठवा. का. र. मित्रांनी १९०९मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठीत नव्या लेखकाची गाठ पडायची जागा तीच आहे. पाठवायचं ते जून-जुलैत. गणपतीनंतर पाठवलेलं पुढच्या वर्षीच्या ढिगात जातं. एका वेळी एकाच अंकाला. मानधन मिळेल, न मिळेल, पण छापून आलेली एक कथा प्रकाशकाला लिहायच्या पत्रात फार कामाला येते.

प्रकाशक कसा निवडायचा? तालुक्याच्या ग्रंथालयात जा आणि गेल्या चार-पाच वर्षांत आलेल्या नव्या लेखकांच्या कादंबऱ्या काढून बघा. मराठी कादंबरीची मोठी विक्री अजूनही ग्रंथालयांनाच होते, त्यामुळं तिथं कपाटात जे दिसतं तोच बाजार समजा. मौज, पॉप्युलर, राजहंस, रोहन, मॅजेस्टिक, लोकवाङ्मय गृह, साकेत, प्रत्येकाची आवड वेगळी आहे. नुसती नावं बघून पाठवू नका. आपल्या जातीची, म्हणजे कामाच्या माणसांची गोष्ट कोण छापतं ते बघा, त्यातल्या दोन वाचा, मग पाठवा. २०२४चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार तुळजापूरच्या देविदास सौदागर यांना 'उसवण' या कादंबरीसाठी मिळाला. शिवणकाम करणाऱ्या माणसानं शिंप्याची गोष्ट लिहिली आणि ती छापली गेली, वाचली गेली. तो पुरस्कार ३५ वर्षांपर्यंतच्यांना असतो, तुम्ही ३८चे. तेवढी एक घाई तरी कमी झाली.

पाठवायचं काय, तर एक पानाचं पत्र, दोन पानांत सगळी गोष्ट शेवटासकट, आणि पहिली तीन प्रकरणं. 'शेवट वाचकांनी पुस्तकातच वाचावा' असं प्रकाशकाला लिहू नका, तो चिडतो. पत्रात तुम्ही वाहक आहात हे पहिल्या ओळीत लिहा. 'माझा हा पहिलाच तोकडा प्रयत्न गोड मानून घ्यावा' हे वाक्य लिहू नका, मी ते हजारदा वाचलंय. तीन-चार महिने थांबा, मग एक फोन करा. नकार आला तर पुढचा पत्ता. एका कादंबरीला मी स्वतः नकार दिला होता. ती दुसरीकडे निघाली आणि तिच्या तीन आवृत्त्या झाल्या. अजूनही ती कपाटात दिसली की मी मान फिरवते. तेव्हा नकाराचा अर्थ एवढाच घ्या की त्या दिवशी त्या माणसाला ती भावली नाही.

आणखी एक वाट आहे, आणि साठ हजारांच्या पुस्तकानं तीच बंद झाली असती. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. लेखकाचं पहिलं पुस्तक छापायला मंडळ अनुदान देतं. कविता, कथा, कादंबरी सगळ्याला. हस्तलिखितं कधी पाठवायची ते मंडळ जाहीर करतं. अट अशी की पुस्तक पहिलंच हवं. म्हणून हौसेखातर आधी एखादा चारोळीसंग्रह छापून मोकळे होऊ नका.

पैशाचं एकदा स्पष्ट सांगते. चांगला प्रकाशक मिळाला, पाचशे प्रतींची आवृत्ती निघाली, किंमत तीनशे रुपये ठेवली आणि दहा टक्के मानधन ठरलं, तर सगळ्या प्रती खपल्यावर तुमच्या हाती पंधरा हजार येतील. आणि त्या खपायला दोन-तीन वर्षं लागू शकतात. अकादमीचा युवा पुरस्कार मिळालेल्या एका कादंबरीकारावर टाळेबंदीत शेतमजुरी करायची वेळ आली होती, हे पेपरांत छापून आलं होतं. नोकरी सोडायचा विचार मनात असेल तर काढून टाका. शिवाय मुक्कामी ड्युटी सुटली तर तुम्ही लिहिणार कुठं?

मी लेखक आहे का, असं विचारलंत. 'मास्तर, बोर्ड लावला का?' हे ज्यानं लिहिलं तो आहे. काहूर ज्यानं लिहिलं त्याचं मला माहीत नाही.

वह्या हातात आल्या की एवढं एका ओळीत कळवा.

ता. क. वीस पानांत गाडी अकरा वेळा सुटते आणि एकदाही बेल वाजत नाही. असं कसं, मास्तर?